रजा, खाडा आणि वेठ : शहापूर-मुरबाडकडील अंगावर पाजणाऱ्या कामकरी स्त्रिया

कामावर न जाण्याला मराठीत दोन शब्द आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. 'रजा' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ संमती, अनुज्ञा. ज्या स्त्रीला रजा मिळते तिच्यावर ती देणारा कोणीतरी असतो, तिचे नाव हजेरीपटावर असते, आणि रजा संपल्यावर परतण्यासाठी तिची जागा राखून ठेवलेली असते. 'खाडा' या शब्दात यांपैकी काहीच नाही. खाडा पडतो, तो मोजला जातो तो केवळ मजुरी कापण्यासाठी. शाळामास्तरीण रजेवर जाते, मोलकरणीचा खाडा होतो. दोघीही बाळंत झाल्या तरी शब्दांतला हा भेद तसाच राहतो. या दोहोंच्या जोडीला एक तिसरा, जुना शब्द आहे : 'वेठ'. वेठीला असलेल्या स्त्रीला रजा नाही आणि खाडाही नाही. कापावी अशी मजुरीच तिला मिळत नव्हती.

बाळंतपणानंतर कामाला लागलेली स्त्री आपल्या मुलाला अंगावर पाजणे कसे चालू ठेवते, या प्रश्नाचा इतिहास सामान्यतः कायद्यांच्या क्रमाने सांगितला जातो. तो क्रम महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु ठाणे जिल्ह्याच्या शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत उभे राहून पाहिले, तर असे दिसते की रजेच्या दिवसांपेक्षा निराळीच एक गोष्ट येथे निर्णायक ठरली आहे. ती म्हणजे आईचे काम आणि आईचे मूल यांच्यातील अंतर. हे अंतर कधी पावलांचे असते, कधी मैलांचे, कधी केवळ मुकादमाच्या नजरेचे. इतिहास पाहावयाचा तो या अंतराचा.

मराठी मनात या अंतराची एक मूर्ती पूर्वापार उभी आहे. रायगडाच्या पायथ्याच्या वाळुसरे गावची हिरकणी गडावर दूध घालण्यास गेली, दिवस मावळताच दरवाजे बंद झाले, आणि घरी तान्हे मूल असल्यामुळे ती कड्यावरून उतरून गेली, ही आख्यायिका सर्वांस परिचित आहे. तिच्या ऐतिहासिकतेची चर्चा येथे अप्रस्तुत आहे. लक्षात घ्यावयाचे ते कथेतील जुळणीकडे. हिरकणी ही कामाला गेलेली बाळंतीण आहे. कामाची जागा भिंतीने वेढलेली आहे. दरवाजाची वेळ दुसऱ्याने ठरविली आहे, आणि मुलाच्या भुकेची वेळ त्या वेळेशी जुळत नाही. गिरणीच्या भोंग्याच्या पुष्कळ आधी लोकांच्या कल्पनेने हा पेच नेमका पकडला होता. (ती विकावयास नेत होती तेही दूधच, हा योगायोग कथा सांगणाऱ्यांच्या ध्यानात आला असेल किंवा नसेल.)

कायद्याच्या भाषेत हा प्रश्न आला तो मात्र गडावरून नव्हे, मुंबईच्या गिरणगावातून. शहापूर-मुरबाडकडे वळण्यापूर्वी तेथे थोडे थांबणे अवश्य आहे. कारण पुढे कागदोपत्री या डोंगरी तालुक्यांपर्यंत पोचलेला प्रत्येक नियम गिरणीच्या मापाने बेतलेला आहे. १९१९ साली वॉशिंग्टन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने मातृत्वसंरक्षणाचा करार संमत केला. त्यात अंगावर पाजणाऱ्या मातेस कामाच्या वेळात दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मोकळीक द्यावी, असे कलम होते. हिंदुस्थानने हा करार मान्य केला नाही. तथापि त्याच्या मागोमाग मुंबई सरकारने डॉ. फ्लॉरेन्स बार्न्स यांस गिरणीकामगार स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यास नेमले. त्यांचे निष्कर्ष १९२२ साली सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील एक आकडा आजही वाचणाऱ्यास थांबवितो : गिरणीत जाणाऱ्या स्त्रियांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरांत ९८ मुलांना अफू दिली जात होती.

ही अफू 'बाळगोळी' या नावाने विकली जाई. नाव किती सौम्य आहे हे पाहण्यासारखे आहे. बाळगुटी, बाळकडू, बाळंतविडा यांच्या पंक्तीत ते सहज जाऊन बसते. आई पहाटे निघे, दिवसाचे दहा तास साच्यावर उभी राही आणि दिवेलागणीला परते. मधल्या वेळात मुलाने रडू नये, भूक लागली तरी निजून राहावे, म्हणून गोळी. शरीराचा धर्म असा की दूध साठवणीने येत नाही, मागणीने येते. मूल जितके ओढील तितके ते उतरते, आणि तासन्‌तास न ओढल्यास प्रथम छाती भरून ठणकते व मागाहून दूध कमी होऊ लागते. गोळीने मूल निजले म्हणजे ओढणे थांबले, आणि ओढणे थांबले म्हणजे आईचे दूध आटू लागले. एका गोळीने दोघांचेही काम होई. या गोष्टीचा दोष आईच्या अज्ञानावर ठेवणारे लिखाण त्या काळी बरेच झाले. गिरणीचा दरवाजा दुपारी उघडत नसे, या बाजूकडे मात्र त्यात क्वचितच पाहिलेले आढळते.

यानंतरचा वृत्तांत थोडक्यात सांगता येतो. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले; ते पुढील वर्षी फेटाळले गेले. मुंबई कायदेकौन्सिलात आसवले यांनी आणलेल्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आगेमागे मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे. त्याचा भार खरे पाहता सरकारने उचलावयास हवा, परंतु तिच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकासही त्यातून सर्वस्वी मोकळे राहता येणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. १९२९ साली कायदा झाला. दररोज आठ आणे, बाळंतपणापूर्वी तीन आठवडे व नंतर चार, असे त्याचे स्वरूप होते. त्याचा सारा भर पैशावर आणि विश्रांतीवर होता. चार आठवडे हा काळ असा की तेवढ्यात दुधाचे उतरणे नुकते कोठे मार्गी लागलेले असते. त्याच सुमारास आई गिरणीत परते. पाळणाघराचा विचार यानंतर आला. १९३४ च्या कारखाने कायद्याने पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यांत मुलांसाठी खोली ठेवण्यास भाग पाडण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला आणि १९४८ च्या कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले. तेथे आईला ठराविक वेळाने जाऊन पाजता यावे अशी तरतूद नियमांतून करावयाची होती. तोवर गिरण्यांतून स्त्रिया कमी होऊ लागल्या होत्या. विसाच्या दशकात त्या कामगारांच्या सुमारे पाचवा हिस्सा होत्या. त्यांची संख्या घटली ती एकट्या प्रसूतिसाहाय्यामुळे नव्हे. रात्रपाळीची बंदी व कामाची फेररचना ही कारणेही होती. परंतु पाळणाघराची सक्ती आली तेव्हा पाळण्याजवळ येणाऱ्या आया विरळ होत चालल्या होत्या, हे खरे.

गिरणगावापासून कसारा लोकलने अडीच तासांवर आहे. थळ घाटाखालचा शहापूर तालुका आणि त्याच्या दक्षिणेस माळशेज व नाणेघाटाखालचा मुरबाड यांनी मुंबईला एक शतकाहून अधिक काळ पाणी, लाकूड, कोळसा आणि विटा पुरविल्या आहेत. तानसा तलाव १८९२ चा, भातसा त्यानंतरचे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा काढला गेला तेव्हा हे दोन तालुके ठाण्यातच राहिले. शहापूर आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकूर, वारली, कातकरी अशी येथली वस्ती. वेलिंग यांचे कातकऱ्यांवरील (१९३४), सावे यांचे वारल्यांवरील (१९४५) आणि चापेकर यांचे सह्याद्रीतील ठाकुरांवरील (१९६०) हे ग्रंथ अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत.

येथील कामाला भिंत नव्हती. उन्हाळ्यात राब भाजावयाचा, मृगात पेरणी, आषाढात चिखलणी आणि लावणी, मग बेणणी, दिवाळीच्या सुमारास कापणी, त्यानंतर झोडणी. डोंगरउतारावर नाचणी आणि वरई. लावणीच्या दिवसांत बाई पोटरीभर पाण्यात वाकून उभी, आणि मूल बांधावर इरल्याखाली किंवा झाडाला बांधलेल्या झोळीत. ते रडले की आई हात धुऊन बांधावर येई, पाजी आणि पुन्हा ओळीत जाऊन वाके. यात सुखाचे चित्र रंगविण्याचे कारण नाही. पाऊस, चिखल, डास, साप हे सारे त्या बांधावर होते. शहरातील सुस्थित घरांत बाळंतिणीला मिळणारे डिंकाचे लाडू, अळीव आणि खारीक-खोबरे येथे नव्हते, नाचणीची आंबील आणि सुकट होती. सव्वा महिन्याचे सोवेरही ज्याला परवडेल त्याचे. 'ओली बाळंतीण' हा शब्द मराठीत दयेने उच्चारला जातो. येथे ओली बाळंतीण कामात दिसणे ही नवलाची बाब नव्हती. आणि तरीही दूध टिकत होते. ते टिकण्याचे कारण कोणी दिलेली विश्रांती नव्हती. मूल हाकेच्या अंतरावर होते, हे होते.

या ठिकाणी भाषेचा पुरावा उपयोगी पडतो. मराठी बोलीत स्त्री मुलाला 'अंगावर पाजते', मूल 'अंगावर पिते', ते मोठे झाले की 'अंगावरचे तोडतात'. दूध आईच्या ठिकाणी 'असते' असे न म्हणता मूल आईच्या अंगावर आहे असे ही भाषा सांगते. दोन शरीरे लागून असणे हा या क्रियेचा गृहीत भाग आहे. 'पान्हा' हा शब्द संस्कृत 'प्रस्नव' यापासून आला, आणि तो गाईला व आईला सारखाच लागतो. पान्हा 'फुटतो' मुलाच्या स्पर्शाने, आवाजाने, कधी नुसत्या आठवणीने. 'आटणे' हे क्रियापद विहिरीला, ओढ्याला आणि दुधाला एकच आहे. याउलट 'स्तनपान', 'स्तनदा माता', 'प्रसूती रजा' हे आजच्या शासकीय कागदांतील शब्द संस्कृतातून घडविलेले आहेत. ते चुकीचे आहेत असे नाही. परंतु 'स्तनदा' या शब्दात मूल कोठे आहे हे कळत नाही. ते अंगावर आहे की घरी आहे, याची त्या शब्दाला खबर नाही.

भिंत नव्हती म्हणजे बंधन नव्हते असे मात्र समजू नये. लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून कर्ज काढावे आणि ते फिटेपर्यंत नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी राबावे, ही 'लग्नगडी'ची पद्धत ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी पट्ट्यात होती. १९३८-३९ च्या सुमारास डी. सिमिंग्टन यांनी सरकारला सादर केलेल्या अहवालात या प्रदेशातील कर्ज आणि वेठ यांचे वर्णन आहे. जानेवारी १९४५ मध्ये या तालुक्यांच्या शेजारी, कल्याण तालुक्यातील टिटवाळा येथे, किसान सभेचे अधिवेशन भरले. त्यापुढील लढा शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली मुख्यतः उंबरगाव-डहाणू भागात झाला. त्याचा इतिहास गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात लिहिला आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने लग्नगडीतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. कर्ज नवऱ्याने काढलेले असे, परंतु बांधली जाई ती जोडी. बायकोचे श्रम हिशेबात स्वतंत्र नव्हते, त्यामुळे तिचे बाळंतपणही हिशेबात नव्हते. हा बारकावा पुढे वीटभट्टीवर पुन्हा भेटतो.

त्यापूर्वी मोळीविषयी दोन शब्द. जंगलातून लाकूड तोडून मोळी बांधावयाची आणि ती डोक्यावर घेऊन शहापूर, वासिंद, मुरबाड येथे विकावयाची, हा कातकरी व ठाकूर स्त्रियांचा जुना व्यवसाय. रेल्वे आल्यावर खर्डी, आटगाव, आसनगाव या स्थानकांतून करवंदे, जांभळे, रानभाज्या आणि पाने कल्याणपर्यंत जाऊ लागली. डोक्यावर भारा आणि कडेवर मूल हे दोन्ही चार कोस चालत नेता येत नाही. म्हणून अंतर उघडले ते प्रथम बाजारच्या वाटेवर. मूल आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ राहू लागले. पहाटे पाजून निघालेली आई दुपार कलल्यावर परते. हिरकणीचा पेच येथे खराखुरा आला, फक्त कड्याऐवजी गाडीची वेळ होती.

वीटभट्टीने हे सारे पुन्हा फिरविले. मुंबई, ठाणे, कल्याण आणि भिवंडी जसजशी वाढली तसतशा नदीकाठच्या आणि भातखाचरांच्या जमिनीवर भट्ट्या लागल्या. कापणी आटोपली की दिवाळीनंतर शहापूर-मुरबाडच्या वाड्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे भट्टीवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. निघण्यापूर्वी, पुष्कळदा ऐन पावसाळ्यात घरातले धान्य संपल्यावर, शेठकडून 'बयाणा' घेतलेला असतो. भट्टीवर दर आठवड्याला 'खर्ची' मिळते. हंगामाच्या शेवटी हजार विटांच्या दराने हिशेब होतो आणि त्यातून बयाणा व खर्ची वजा होते. उरले तर मिळते. न उरले तर पुढच्या वर्षाला बांधले जाते. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी रद्द झाली. तिचा हिशेब ठेवण्याची रीत मात्र अनेक भट्ट्यांवर ओळखीची वाटते. खाते एका नावाने असते, आणि ते नाव बहुधा पुरुषाचे असते. चिखल मळणे, साच्यात विटा पाडणे, त्या उलटवणे, वाळल्यावर वाहणे, भट्टी रचणे या कामांत बाईचा वाटा पुरुषापेक्षा कमी नसतो; वहीत मात्र ती हजारांच्या आकड्यात विरघळलेली असते.

अंतराच्या कसोटीने पाहिले तर भट्टी ही गिरणीपेक्षा बरी म्हणावी लागेल. झोपडी थापणीच्या जागेपासून वीस पावलांवर असते. मूल झोळीत असते किंवा मातीत खेळत असते. दरवाजा नाही, भोंगा नाही, कोणी जाऊ देत नाही असेही नाही. मग अडचण कोठे आहे? ती दरात आहे. गिरणीत वेळ विकली जात होती. भट्टीवर नग विकला जातो. पाजण्यास बसलेल्या अर्ध्या तासात ज्या विटा पडल्या नाहीत त्या हिशेबातून आपोआप गेल्या. खाडा येथे दिवसाचा न राहता क्षणाचा झाला आहे, आणि तो मुकादमाला लावावा लागत नाही. स्त्री स्वतःच तो स्वतःला लावते. शिवाय ऊन टाळण्यासाठी विटा पाडण्याचे काम मध्यरात्रीनंतर, पहाटेच्या कितीतरी आधी सुरू होते. रात्रीचे पाजणे हे दूध टिकविणारे पाजणे असते, कारण दूध उत्पन्न करणारा शरीरातील स्राव रात्री अधिक असतो. गिरणीतील स्त्रीला निदान रात्र तरी मुलासाठी मिळत असे. भट्टीवरील स्त्रीची रात्र चिखलात जाते.

आणि मूल सांभाळणार कोण, हा प्रश्न येथे अधिक बिकट आहे. गावी आजी असते, भावकी असते. भट्टीवर येते ते काम करू शकणारे जोडपे आणि त्यांची मुले. म्हणून झोळीला झोका देण्यास सहा-सात वर्षांची मुलगी लागते. या मुलीचा शोध मराठीत प्रथम लागला तो शाळेच्या निमित्ताने. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि पन्नाशीच्या दशकात ते डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे त्यांस दिसून आले की आदिवासी मुलगी शाळेत येत नाही याचे कारण तिच्या कडेवर आहे. म्हणून विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या प्रयोगाचा गौरव होतो तो बालशिक्षणाचा प्रयोग म्हणून. मातेच्या दुधाच्या इतिहासातही त्याची नोंद व्हावयास हवी, कारण कामाला गेलेल्या आईचे मूल ही एकटी आईची बाब नसून तिच्या थोरल्या मुलीचीही आहे, हे तेथे आचरणातून मान्य झाले. पुढे विधायक संसदेने भट्ट्यांवर 'भोंगा शाळा' चालविल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची झोपडी. बहीण शाळेत बसली की झोळी रिकामी राहत नाही, तिच्याजवळ मात्र कोणी राहत नाही. कित्येकदा झोळीतले मूलच शाळेत येते.

सरकारने कामाच्या ठिकाणी मुलाची दखल घेतली ती रोजगार हमीतून. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ही योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरली आणि तिचा कायदा १९७७ साली होऊन १९७९ मध्ये अमलात आला. २००५ च्या केंद्रीय कायद्याने त्याच कल्पनेला देशव्यापी रूप देताना एक नेमके कलम घातले होते : कामावर आलेल्या स्त्रियांसोबत सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्या स्त्रियांपैकी एकीस मुले सांभाळण्यास नेमावे आणि तिला मजुरी द्यावी. मुलांसाठी सावली, पिण्याचे पाणी आणि काम गावापासून पाच किलोमीटरच्या आत देणे याही अटी होत्या. २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रसूतीनंतर दहा महिन्यांपर्यंत मातेस हलके आणि घराजवळचे काम द्यावे असे सांगितले. या तरतुदी वाचताना जाणवते की या मसुद्यामागे कोठेतरी बांधावरची झोळी उभी आहे. अंतर हा विषय आहे हे येथे प्रथमच कायद्याच्या मजकुरात आले, आणि मूल सांभाळणे हे मजुरीस पात्र असे काम ठरले. व्यवहारात पाच मुले मोजली जाणे हजेरी घेणाऱ्याच्या इच्छेवर राहिले. शिवाय माती मोजून दाम देण्याची रीत येथेही होती, म्हणून नगाचा जाच पूर्णपणे सुटला नाही. परंतु त्याहून मोठी अडचण निराळी होती. जिला पावसाळ्यातच बयाणा घ्यावा लागला ती स्त्री, गावात काम निघेपर्यंत भट्टीवर पोचलेली असे.

रजेचा प्रवाह या सगळ्याच्या बाजूने, निराळ्या पात्रातून वाहत राहिला. १९६१ च्या प्रसूतिसाहाय्य कायद्याने बारा आठवड्यांची भरपगारी रजा दिली आणि मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत कामाच्या वेळात पाजण्यासाठी दोन वेळा मोकळीक दिली; वॉशिंग्टनचे कलम बेचाळीस वर्षांनी या रूपाने आले. २००९ साली महाराष्ट्र शासनाने आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांस १८० दिवसांची रजा दिली. २०१७ च्या दुरुस्तीने खाजगी क्षेत्रात ती सव्वीस आठवड्यांची झाली, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर आवश्यक ठरले आणि आईस तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा मिळाली. या तरतुदी आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेल्या आहेत. सहा महिन्यांचा हा काळ वैद्यकशास्त्राशी जुळणारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ पासून पहिले सहा महिने केवळ आईचे दूध आणि त्यानंतर दोन वर्षे वा अधिक काळ इतर अन्नासोबत दूध, असे सांगितले आहे. रजा पहिल्या भागाशी जुळते. दुसरा भाग, म्हणजे पुढले दीड वर्ष, कामावर परतल्यानंतरचा आहे.

या दुसऱ्या भागात शहापूर तालुक्यातील शिक्षिकेची स्थिती पाहण्यासारखी होते. ती कल्याणला किंवा त्याही अलीकडे राहते असे समजू. कल्याण ते कसारा हे लोहमार्गाने सुमारे ६७ किलोमीटर. पुढे जीप, आणि त्यापुढे कधी पायी. सकाळी सहाला पाजून निघालेली शिक्षिका परत येईतो दहा-बारा तास जातात. तिला पगार आहे, रजा मिळाली आहे, नोकरी सुरक्षित आहे. आणि तरी अंतराच्या हिशेबात ती १९२२ च्या गिरणीकामगार स्त्रीच्या शेजारी उभी आहे. दूध पिळून ठेवावे असा आजचा सल्ला असतो. तो शास्त्रशुद्ध आहे. स्वच्छ भांड्यात पिळलेले दूध साधारण पंचवीस अंश उष्णतेत चार तास चांगले राहते, शीतपेटीत अधिक. मुंबईत शीव येथील रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली मातृदुग्धपेढी निघाली, ती आशियातील पहिली मानली जाते. पिळलेल्या दुधाने मूल वाढविता येते हे तेथे रोज दिसते. पण शाळेत पिळण्यास खोली हवी, हात धुण्यास पाणी हवे, एप्रिलच्या दुपारी गार ठेवण्यास वीज हवी. ज्या शाळेत ती शिकविते तेथील मुलांच्या आया या वेळी भट्टीवर आपल्या मुलांना अंगावर पाजीत असतात. जिच्याजवळ मूल आहे तिला रजा नाही, जिला रजा आहे तिच्याजवळ मूल नाही.

बसस्थानकांवर आणि सरकारी कचेऱ्यांत आता 'हिरकणी कक्ष' असतात. प्रवासात तान्हे मूल घेऊन निघालेल्या स्त्रीला आडोसा मिळावा हा त्यांचा हेतू स्तुत्य आहे, आणि नावही मराठी माणसाच्या जिभेवर चटकन बसणारे आहे. मात्र नाव ठेवणारांनी कथा उलट वाचली असे म्हणावेसे वाटते. हिरकणीला आडोसा नको होता. तिचे मूल तिच्याजवळ नव्हते. जिच्या कडेवर मूल आहे तिला कक्ष पुरतो. जिचे मूल आठ कोसांवर आहे तिच्यासाठी गडाचा दरवाजा वेळेवर उघडावा लागतो, आणि त्या दरवाजाला अद्याप कोणाचे नाव दिलेले नाही. शेतावर किंवा भट्टीवर पाजणाऱ्या स्त्रीला तर आडोशाची अडचण कधी भासलीच नाही. तिथे पदर पुरतो. अपुरा पडतो तो वेळ आणि तिच्या पोटातले अन्न.

अन्नाच्या बाबतीत शासनाने उशिरा का होईना एक चांगले पाऊल उचलले. २०१५ च्या अखेरीस अनुसूचित क्षेत्रात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने आणि बाळंतपणानंतरचे सहा महिने स्त्रीला अंगणवाडीत दिवसातून एकदा चौरस, ताजे शिजविलेले जेवण मिळावे, अशी ही योजना आहे. शहापुरात ती आहे, मुरबाडच्या अनुसूचित गावांत आहे. भात, डाळ, भाजी, चपाती वा भाकरी आणि अंडे असे ताट गावच्या अंगणवाडीत वाढले जाते. भाद्रपदात बाळंत झालेली स्त्री दोन महिने तेथे जेवते. मग दिवाळी होते, बयाणा घेतलेला असतो, आणि मूल झोळीत घालून ती भिवंडीकडच्या भट्टीवर निघते. भट्टी अनुसूचित क्षेत्राबाहेर असली तर ताट तेथे तिच्यामागे जात नाही. ती परत येते तोवर सहा महिने संपलेले असतात.